कड्यावरच्या हॉटेलात कसे राहावे : भंडारा जिल्ह्यातील रहिवाशांसाठी मार्गदर्शक सूचना

ज्याअर्थी भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, ज्याअर्थी जिल्ह्यात विमानतळ नाही, आणि ज्याअर्थी असे असूनही लाखांदूरपासून तुमसरपर्यंतच्या प्रत्येक मोबाइलमध्ये निळ्या घुमटांचे, पांढऱ्या भिंतींचे एक ग्रीक बेट दिवसातून निदान एकदा उगवते, त्याअर्थी सँटोरिनी बेटावरील कड्याच्या हॉटेलात राहू इच्छिणाऱ्या नागरिकांसाठी पुढील सूचना देण्यात येत आहेत. नवविवाहित जोडपी, निवृत्त मुख्याध्यापक, राइस मिलचे मालक आणि ज्यांच्या मुलाला जर्मनीत नोकरी लागली आहे असे आईवडील या सर्वांना त्या सारख्याच लागू राहतील.

1. कड्याची ओळख

सँटोरिनी हा ज्वालामुखीचा उरलेला काठ आहे. सुमारे 3600 वर्षांपूर्वी मोठा उद्रेक झाला, मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. या खळग्याला काल्डेरा म्हणतात. जो काठ शिल्लक राहिला तो आतल्या बाजूने काही ठिकाणी 300 मीटरपर्यंत सरळ तुटलेला आहे. फिरा, इमेरोविगली आणि इया ही गावे या काठावर आहेत आणि हॉटेले कड्याच्या अंगावर खाली खाली उतरत गेली आहेत. ज्वालामुखी अजून जिवंत आहे. त्याचा शेवटचा उद्रेक 1950 साली झाला. हॉटेलच्या माहितीपत्रकात ही बाब 'काल्डेराचे दृश्य' या नावाने येते आणि तिचे वेगळे पैसे पडतात.

2. खर्चाचा अंदाज

भाडे युरोत सांगतात, त्यामुळे आकडा लहान दिसतो. फसगत टाळायची तर सर्व रकमा धानात मोजाव्यात. 2025-26 च्या हंगामात साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला 2369 रुपये होती आणि युरो शंभर रुपयांच्या आसपास फिरत होता. कड्यावरची, दारात स्वतःचे कुंड असलेली खोली भर हंगामात रात्रीला हजार युरोंच्या घरात सहज जाते. म्हणजे एक रात्र सुमारे 42 क्विंटल धान. पाऊस वेळेवर आला आणि तुडतुडा आला नाही तर एवढे धान व्हायला अडीच एकर लागतात. पऱ्हे टाकणे, चिखलणी, रोवणा, निंदण, कापणी आणि चुरणे हा सगळा खटाटोप एका रात्रीत संपतो, त्यातली निम्मी रात्र झोपेत. म्हणून पहिली सूचना : झोपू नये.

याखेरीज ग्रीक सरकार पंचतारांकित हॉटेलात एप्रिल ते ऑक्टोबर या काळात दर खोलीमागे दर रात्री 15 युरो हवामान बदलाचा कर घेते. हे झाले 63 किलो. ज्यांच्या कापून ठेवलेल्या कडपा दिवाळीच्या तोंडावर अवकाळी पावसात भिजल्या आहेत अशा शेतकऱ्यांनी हा कर भरताना, 'पंचनामा झाला का?' असे काउंटरवर विचारू नये. काउंटरवरच्या मुलीचा त्या पावसाशी काही संबंध नसतो.

3. कागदपत्रे

शेंगेन व्हिसासाठी 90 युरो शुल्क, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा, बँकेचे खातेउतारे, जाण्यायेण्याचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि बोटांचे ठसे एवढे लागते. खातेउतारा पाहणारा अधिकारी एकच गोष्ट शोधत असतो : हा माणूस परत जाईल का? इतर जिल्ह्यांतले लोक यासाठी घराची कागदपत्रे, नोकरीचे पत्र वगैरे जोडतात. आपल्याकडे त्याहून सबळ पुरावा आहे. खरेदी केंद्रावर धान दिल्याची पावती जोडावी आणि चुकारा अजून जमा झालेला नाही हे ठळक अक्षरांत लिहावे. ज्याचा चुकारा अडकला आहे तो माणूस जगाच्या कोणत्याही टोकावरून परत येतो, हे युरोपीय संघाला एकदा समजावून सांगण्याची गरज आहे.

सातबारा जोडल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर करून घ्यावे. 'इतर हक्क' या रकान्यातला सोसायटीच्या कर्जाचा बोजा भाषांतरात आपोआप गळेल अशी आशा बाळगू नये.

4. प्रवास

भंडाऱ्याहून गाडीने निघायचे तर भंडारा रोड स्थानक गाठावे. ते भंडाऱ्यात नसून वरठीला आहे. पुढे नागपूर, मुंबई किंवा दिल्ली, आखातातले एखादे शहर, मग अथेन्स, आणि तिथून पाऊण तासाचे विमान. हा प्रवास सांगताना घरातली आजी विचारतेच, "का पायाले जाता जी तेथं?" तिला 'पाणी' असे उत्तर देऊ नये. तलावांच्या जिल्ह्यातून पाणी पाहायला एवढ्या लांब कोण जातो, हा तिचा पुढचा प्रश्न तयार असतो.

फिराच्या जुन्या बंदरातून वरच्या गावात जायला 580 हून अधिक पायऱ्या आहेत. तिथे गाढवावर बसून जाण्याची प्रथा आहे. पर्यटकांच्या वजनावरून ओरड झाली, तेव्हा 2018 मध्ये ग्रीक सरकारने नियम केला की गाढवावर 100 किलोंपेक्षा किंवा त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे नको. हिशेब केला तर कळते, गाढव दोनशे किलोंचे असेल तर त्यावर चाळीस किलोच बसू शकतात. पात्र ठरणारा प्रवासी बहुधा इयत्ता सातवीत असतो. बाकीच्यांनी केबल कारने जावे.

हॉटेलात पोचल्यावर आपली बॅग आपण उचलू नये. रस्ता वर असतो आणि खोली शंभर पायऱ्या खाली. हमाल दोन बॅगा खांद्यावर टाकून झपझप उतरतो. त्याच्या मागून 'राहू दे भाऊ, एक मी घेतो' असे म्हणत पळणे हे चांगल्या संस्कारांचे लक्षण असले तरी पाय घसरल्यास थेट काल्डेराचे दृश्य जवळून दिसते.

5. खोली

हा विषय नीट समजून घ्यावा, कारण सगळे पैसे इथे जातात.

इयात जे जहाजांचे कप्तान होते त्यांनी वर मोकळ्यावर वाडे बांधले. जे खलाशी होते त्यांना वर जागा परवडेना, म्हणून त्यांनी कड्याच्या पोटात घरे कोरली. ज्वालामुखीची राख कोरायला मऊ आणि उभी राहायला भक्कम. बेटावर तुळयांना लाकूड नाही, म्हणून छताला कमान. दर्शनी भिंतीला दार आणि एकदोन झरोके, आत अंधार, उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब, वरून चुना. थोडक्यात, गरिबाचे घर. 9 जुलै 1956 रोजी मोठा भूकंप झाला, 53 माणसे गेली, घरे पडली, कितीतरी कुटुंबे बेट सोडून निघून गेली. पुढे 1970 च्या दशकात ग्रीसच्या पर्यटन संस्थेने इयातली पडकी घरे दुरुस्त करून अतिथिगृहे केली. पाहुण्यांना ती आवडली. मग हॉटेलवाल्यांना आवडली. आज कप्तानाच्या वाड्यापेक्षा खलाशाच्या बिळाला मागणी आहे. मूळचा खलाशी तेवढा तिथे नाही.

खोलीत शिरल्यावर 'अगा, हे तं आपल्या जुन्या घरावानी आहे!' असे उद्गार काढू नयेत. विधान खरे आहे, म्हणूनच ते बेचाळीस क्विंटलांच्या खोलीत करता येत नाही. दोन हात जाडीची मातीची भिंत, वाकून शिरायचे दार, कवेलूंचे छप्पर आणि सणासुदीला पांढऱ्या मातीचा हात हे सगळे आपल्याकडे होते. ते पाडून आपण स्लॅब टाकला. मे महिन्यात स्लॅब तापला म्हणून कूलर घेतला, कूलर पुरेना म्हणून एसी बसवला, आणि आता एसीच्या बिलाला कंटाळून ग्रीसमध्ये जाड भिंत भाड्याने घेत आहोत. ही शृंखला पत्नीला किंवा नवऱ्याला मुक्कामाच्या पहिल्या रात्री समजावून सांगू नये. दुसऱ्या रात्रीचे आगाऊ पैसे भरलेले असतात.

6. स्नानगृह

बेटावरच्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असल्याने वापरलेला कागद भांड्यात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, अशी पाटी पंचतारांकित हॉटेलातही आढळते. आपला प्रश्न वेगळा आहे. हात लावावा तिथे संगमरवर आहे, दोन प्रकारचे साबण आहेत, तीन प्रकारचे टॉवेल आहेत, मग मात्र नाही. ही वस्तू घरून न्यावी. विमानतळावर तपासणी करणाऱ्याने प्लास्टिकच्या मगाबद्दल विचारल्यास 'धार्मिक' असे सांगावे.

7. कुंड

दारासमोरच्या लहान तलावाला इन्फिनिटी पूल म्हणतात. त्याचा पुढचा काठ पाण्याच्या पातळीला असतो, त्यामुळे आपले पाणी संपले कुठे आणि समुद्र लागला कुठे ते कळत नाही. शिवनीबांधच्या तलावात पोहायला शिकलेल्या माणसाने त्यात सूर मारू नये. पुढचा हात काठाला लागतो तेव्हा मागचे पाय दुसऱ्या काठावर असतात. या कुंडात पोहायचे नसते. कोपर काठावर टेकून, पाठ कॅमेऱ्याकडे करून, दूर पाहायचे असते.

बेटावर नदी नाही. पाऊस भंडाऱ्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. पूर्वी लोक छतावरचे पावसाचे पाणी जमिनीखालच्या हौदात साठवून वर्ष काढायचे. आता समुद्राचे पाणी यंत्राने गोडे करतात आणि त्यातले काही कुंडात ओततात. आपल्याकडे कोहळी समाजाच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी जमिनीचा उतार ओळखून पाळी बांधल्या, तलाव आणि बोड्या केल्या, पाणी बांध्यांपर्यंत पोचवले. त्यातल्या कित्येक बोड्या आज गाळाने भरल्या आहेत आणि काहींवर ले-आउट पडले आहेत. कुंडात बसून या विषयावर बोलल्यास चेहरा फोटोत उतरलेला येतो. टाळावे.

8. जेवण

येथे विशेष मनोधैर्य लागते.

पहिल्याच रात्री मोठ्या पांढऱ्या ताटाच्या मधोमध पिवळ्या, दाट डाळीचा एक गोळा येईल. वर कांद्याच्या चार कापा, केपरच्या दोन कळ्या, ऑलिव्ह तेलाची धार. वाढपी सांगेल की ही सँटोरिनीची प्रसिद्ध 'फावा'. हिला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. ही या राखेच्या जमिनीत, पाण्यावाचून, दवावर येते. मान डोलवावी. पहिला घास घेतल्यावर ओळख पटेल, पण बोलू नये.

ती डाळ लॅथिरस क्लायमेनम या वेलीची. आपली लाखोळी म्हणजे लॅथिरस सॅटिव्हस. सख्खी चुलत बहीण. आपल्याकडे धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी शिंपतात, तीही नंतर पाणी मागत नाही, खत मागत नाही. तिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, डाळीचे वरण होते, वडे होतात. दुष्काळात गरिबांनी महिनोन् महिने तीच खाल्ली तेव्हा काहींचे पाय लुळे पडले. या कारणाने 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती पुढे उठली, पण बदनामी उठली नाही. हॉटेलांत लाखोळी हरभऱ्याच्या बेसनात लपूनछपून शिरते आणि भेसळ म्हणून पकडली जाते. तिकडे चुलत बहीण मेनूकार्डावर स्वतःच्या नावाने बसली आहे. दोघींच्या नशिबात फरक पडला तो ताटामुळे, असे वाटल्यास वाटू द्यावे. वाढप्यापुढे मांडू नये.

मांसाहारी पाहुण्यांनी 'तर्री आहे का?' असे विचारू नये. शाकाहारी पाहुण्यांनी पातोडी बरोबर नेली असल्यास गच्चीवर खावी, मात्र वास खालच्या खोलीपर्यंत जातो हे लक्षात ठेवावे. खालच्या खोलीतले लोक वर येऊन काय ते विचारतात.

9. सूर्यास्त

इयात सूर्यास्त पाहायला किल्ल्याच्या पडक्या भिंतीवर दोन तास आधी जागा धरावी लागते. 2023 मध्ये सुमारे 34 लाख पर्यटक आलेल्या या बेटाची स्वतःची लोकसंख्या साडेपंधरा हजारांच्या आसपास आहे. सूर्य बुडाला की जमलेले लोक टाळ्या वाजवतात. आपणही वाजवाव्यात. 'वन्स मोअर' म्हणू नये.

तेथे नववधू दहा हात लांबीचा झगा भाड्याने घेऊन तो वाऱ्यावर उडवत फोटो काढतात. लुगडे हवेत नीट उडते का, हा प्रयोग मोहाडीच्या करवती काठाच्या टसर साडीवर करू नये. साडी महाग असते आणि समुद्र खोल.

10. भूकंप झाल्यास

2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनीच्या परिसरात धक्क्यांमागून धक्के बसले आणि 11,000 हून अधिक लोक बोटींनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. असा प्रसंग आल्यास पासपोर्ट, चार्जर आणि मग एवढेच घेऊन बाहेर पडावे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचा पूर ज्यांनी अंगणात पाहिला आहे त्यांना सामान वरच्या मजल्यावर हलवण्याची सवय असते. तिथे ती उपयोगाची नाही. वरचा मजला दुसऱ्याचा असतो.

11. जिल्ह्यातील पर्याय

ज्यांचे धान बेचाळीस क्विंटल होत नाही त्यांनी निराश होऊ नये. आपल्याकडेही कडा, पाणी आणि सूर्यास्त उपलब्ध आहे. हे सगळे आंभोऱ्याला मिळते.

आंभोऱ्याची टेकडी आणि चैतन्येश्वराचे मंदिर कुही तालुक्यात, म्हणजे नागपूर जिल्ह्यात आहे. समोरचा काठ भंडारा जिल्ह्याचा. कडा त्यांचा, दृश्य आपले, असा हा व्यवहार आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम मानतात. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधू' इथे लिहिला अशी परंपरा आहे. मराठवाड्यातल्या आंबेजोगाईचाही त्यावर दावा आहे. आता दोन्ही काठांना जोडणारा केबलचा पूल झाला आहे आणि पुलावर उंचावर काचेची गॅलरी आहे. सूर्यास्त हवा असेल तर भंडाऱ्याच्या बाजूने पाहावा. टाळ्या वाजवण्याची सक्ती नाही.

पुरातत्त्वाची आवड असल्यास पवनीला जावे. सँटोरिनीतले राखेखाली गाडले गेलेले आक्रोतिरी 1967 पासून स्पायरिडॉन मारिनातोस यांनी खणून काढले. पवनीचा बौद्ध स्तूप 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी खणून काढला. आक्रोतिरीवर मोठे छप्पर आहे, तिकीट आहे, रांग आहे. पवनीला रांग नाही, त्यामुळे तेथे पाहण्यासारखे काही नसावे असा समज जिल्ह्यात रूढ आहे.

आता पाण्याविषयी. आंभोऱ्याच्या टेकडीवरून जे अथांग पाणी दिसते ते गोसीखुर्द धरणाचे. 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली तेव्हा खर्च 372 कोटी रुपये धरला होता. अकरा किलोमीटरांहून लांब भिंत झाली, 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, खर्च हजारो कोटींत गेला. मधल्या काळात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली ऐंशीहून अधिक गावे बाधित झाली. काठावरच्या पुनर्वसित वसाहतींत नव्या मोबदल्याची मागणी आणि जुन्या मोबदल्याचा वाद अजून चालू असतो. नागपूरही आपला वाटा उचलते : नाग नदीतून शहराचे सांडपाणी कन्हानमार्गे याच जलाशयात येते, त्यामुळे पाण्याचा रंग काही महिने ग्रीक निळ्याऐवजी हिरवा असतो.

या जलाशयावर आता जलपर्यटन येऊ घातले आहे. उद्या कड्यावर पांढऱ्या भिंतींचे हॉटेल झाले तर त्यात राहण्याचे नियम आताच सांगून ठेवतो. बाल्कनीत बसल्यावर, 'या पाण्याखाली कोणतं गाव होतं?' असे वाढप्याला विचारू नये. वाढपी त्याच गावचा असू शकतो, आणि मग तो उत्तर देईल, आणि उत्तर कॉफीपेक्षा लांबेल.

12. अंतिम खबरदारी

सँटोरिनीत ज्यांनी भूकंपानंतर कड्यातले पडके घर मिळेल त्या भावाला विकले, त्यांनी ते पडके घर म्हणून विकले. ज्यांनी घेतले त्यांनी दृश्य म्हणून घेतले. सगळे हॉटेल या फरकावर उभे आहे.

वैनगंगेच्या काठाला ज्यांची खडकाळ, उताराची, धान न होणारी जमीन आहे तिच्यापुढे सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असे लिहिलेले असते आणि घरचे लोकही तिला तसेच समजतात. अशी जमीन पाहायला कोणी काळा चष्मा घालून आला, शेताकडे पाठ करून पाण्याकडे पाहत राहिला आणि सूर्य कोणत्या बाजूला मावळतो असे विचारू लागला, तर त्याला ओसरीवर बसवावे. चहा द्यावा. लाखोळीचे वडे करून वाढावेत, आणि हे कशाचे म्हणून त्याने विचारल्यास 'फावा' म्हणून सांगावे. जमिनीचा भाव त्यालाच आधी बोलू द्यावा. तो हजार युरोंच्या खोलीशी ताडून पाहावा. दिशा खरी सांगावी. सही मात्र करू नये.